घरचा हिशेब : संख्याशास्त्राच्या पदवीचें मोल

ज्येष्ठ लागला कीं वऱ्हाडांतील सुशिक्षित घरांत दोन हिशेब एकाच वेळीं मांडले जातात. एक शेताचा : बियाणें, खत, पेरणीची मजुरी. दुसरा मुलांचा : प्रवेश, फी, वसतिगृह. दोहोंसाठीं पैसा एकाच पेटींतून काढावयाचा असतो, आणि दोहोंचें पीक हातीं येण्यास अवधि लागतो. फरक एवढाच कीं, कपाशी लावावी कीं सोयाबीन, याचा विचार घरांतील कर्ती माणसें मागील चार वर्षांचे भाव डोळ्यांपुढें ठेवून करतात. मुलाची किंवा मुलीची पदवी ठरवितांना मात्र शेजारच्या घरीं काय ठरलें, एवढेंच पुष्कळदां पाहिलें जातें.

अमरावतीच्या एका भगिनींचें पत्र या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे. त्यांची पुतणी यंदा बारावीस गणितांत उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झाली. तिला संख्याशास्त्र हा विषय घेऊन बी. एस्‌सी. व पुढें पुण्यास एम. एस्‌सी. करावयाचें आहे. तिचा पाठचा भाऊ दोन वर्षांनीं अभियांत्रिकीकडे जाणार, हें घरांत जवळजवळ ठरलेलेंच. कुटुंब एकत्र, मिळकत बेताची आणि ठेव एकच. मामंजींनीं नातीला सरळ विचारलें, “या पदवीचें रुपयांत मोल किती, तें सांग, मग मी ठेव मोडतों.” मुलीच्या डोळ्यांत पाणी आलें, घरांतील तरुण मंडळींना हा विद्येचा अपमान वाटला, आणि आमच्या भगिनींनीं आमचें मत मागितलें.

आमचें मत असें कीं, मामंजींचा प्रश्न योग्य आहे. विद्या हें श्रेष्ठ धन खरें. पण तें घरांत आणतांना दुसरें धन घराबाहेर जातें, आणि तें एकाचें नसून दहा माणसांचें असतें. अशा वेळीं हिशेब विचारणें हा उद्धटपणा नव्हे, ती जबाबदारी होय. शिवाय ज्या शास्त्राचें कामच मुळीं अनिश्चित गोष्टींचें माप घेणें हें आहे, त्या शास्त्राच्या विद्यार्थिनीनें या प्रश्नास भिण्याचें कारण नाहीं. मात्र प्रश्न योग्य असला, तरी त्याचें उत्तर एका आंकड्यांत देतां येत नाहीं. तें कां, तें क्रमानें पाहूं.

संख्याशास्त्र म्हटलें कीं पुष्कळांस तें कलकत्त्याचें किंवा विलायतेचें दुर्बोध शास्त्र वाटतें. वस्तुतः वऱ्हाडच्या मातीशीं त्याचा संबंध जुना आहे. पूर्वीं पिकाची आणेवारी नजरेनें ठरत असे. सोळा आणे म्हणजे भरलें पीक. पाहणाऱ्यानें शेताकडे पाहून आठ आणे म्हटलें कीं आठ, सहा म्हटलें कीं सहा. साऱ्याची सूट मिळणार कीं नाहीं, हें त्या नजरेवर अवलंबून. १९४० नंतरच्या दशकांत दोन मराठी संशोधकांनीं या नजरेच्या जागीं तराजू आणला. एक विनायक गोविंद पानसे. हे इंदूरच्या संस्थेंत कापसावर काम करीत असत. दुसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. यांचा जन्म १९११ सालीं सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं झाला व लंडन येथें त्यांनीं संख्याशास्त्राचें उच्च शिक्षण घेतलें. त्यांची पद्धत ऐकावयास सोपी आहे. गांवें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडावयाचीं, गांवांतील शेतें तशींच, शेतांतील चौकोनहि तसाच. आणि त्या चौकोनांतलें पीक कापून तोलावयाचें. कपाशीची कापणी एकदम होत नाहीं, वेचणीमागून वेचणी होते. म्हणून प्रत्येक वेचणीचें वजन निराळें टिपावें लागे. कापसावरचे असे प्रयोग ज्या भागांत आरंभींच झाले, त्यांत आपला अकोला जिल्हा होता.

या दोघांनीं लिहिलेला शेतकी संशोधकांसाठींचा ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध झाला. सुखात्मे १९५१ पासून १९७१ पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. पिकाची आणेवारी जाऊन आतां पैसेवारी आली आहे. पन्नास पैशांच्या खालीं कीं वर, यावर गांवाच्या सवलती ठरतात. २०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेंतहि मंडळाचें सरासरी उत्पन्न काढतांना पीककापणीच्या प्रयोगांचा आधार घेतात. तेव्हां ज्या घरीं विम्याचे पैसे येतात किंवा येतां येतां राहतात, त्या घरांत संख्याशास्त्र पूर्वींच शिरलेलें आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु एखादें शास्त्र देशाला उपयोगी आहे, एवढ्यानें त्याची पदवी घराला पैसा देईल, असें होत नाहीं. यासाठीं खर्च आणि जमा अशा दोन्ही बाजू मांडाव्या लागतात.

प्रथम खर्च. पहिल्या पदवीपुरता आमच्या भगिनींचा मार्ग सोपा आहे. १९२३ सालीं किंग एडवर्ड कॉलेज म्हणून निघालेलें, पुढें विदर्भ महाविद्यालय या नांवानें पिढ्यानुपिढ्या माहीत असलेलें व आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून ओळखलें जाणारें विद्यालय त्यांच्या गांवांतच आहे. घरीं जेवून, घरीं निजून पदवी मिळत असेल, तर तिचा खर्च फी, पुस्तकें व जाण्यायेण्याचें भाडें एवढाच. यासाठीं ठेव मोडण्याची वेळ बहुधा येत नाहीं. खरा प्रश्न पुण्याच्या दोन वर्षांचा आहे.

येथें पुष्कळ घरें एक रक्कम हिशेबांत धरावयास विसरतात. ती म्हणजे न मिळविलेला पगार. मुलगी दोन वर्षें शिकली, म्हणजे दोन वर्षें तिनें नोकरी केली नाहीं. तो पैसा खिशांतून गेला नाहीं म्हणून दिसत नाहीं, पण गेलेला असतो. उदाहरणादाखल आंकडे धरूं. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपापले घालावे. पुण्यास फी, राहणें, जेवण व पुस्तकें मिळून वर्षास दीड लाख धरले, तर दोन वर्षांचे ३,००,००० रुपये. बी. एस्‌सी. होतांच अमरावतींत महिना १५,००० रुपयांची नोकरी मिळाली असती, असें धरलें, तर न मिळविलेले ३,६०,०००. एकूण ६,६०,०००. म्हणजे ज्या शिक्षणास घर तीन लाखांचें समजतें, तें खरोखर त्याच्या दुपटीहून अधिक किमतीचें आहे.

आतां जमा. सरकारी नोकरीचे आंकडे उघड असल्यामुळें तेथून आरंभ करणें बरें. केंद्र सरकारची भारतीय सांख्यिकी सेवा १९६१ सालीं स्थापन झाली. तिची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो, आणि पदवीस संख्याशास्त्र हा एक विषय असला तरी परीक्षेस बसतां येतें. सातव्या वेतन आयोगानें या सेवेंतील आरंभींचा मूळ पगार ५६,१०० रुपये ठरविला. तिच्या खालच्या पायरीवरील कनिष्ठ सांख्यिकी अधिकाऱ्याचा मूळ पगार त्याच आयोगाप्रमाणें ३५,४०० रुपयांपासून सुरू होतो. राज्य सरकारचें अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, आणि त्याचीं कार्यालयें जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. हें सर्व ऐकून घरांत आनंद होतो; पण जागा थोड्या, उमेदवार फार. म्हणून पगाराचा आंकडा नेहमीं संभवानें गुणावा. दहांतून एकाचीच निवड होणार असेल, तर त्या वाढीव पगाराचा दहावा भागच आज जमेस धरावा. उरलेले नऊ भाग ही आशा आहे, जमा नव्हे.

खाजगी क्षेत्रांत बँका, विमा कंपन्या, औषधांच्या चाचण्यांची कामें करणाऱ्या संस्था, बाजाराची पाहणी करणाऱ्या पेढ्या यांना या शास्त्राचीं माणसें लागतात. विम्याचें गणित करणारा ॲक्च्युअरी हा तर स्वतंत्र व्यवसायच आहे. पण त्याच्या परीक्षांची मालिका लांब असते आणि ती पार करीपर्यंत कित्येक वर्षें जातात. या ठिकाणीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, पदवी वऱ्हाडांत मिळते, पण असला पगार बहुतेक वऱ्हाडाबाहेर मिळतो. तेव्हां पुण्या-मुंबईच्या पगारांतून तेथील घरभाडें वजा करून उरेल, त्याचीच अमरावतीच्या पगाराशीं तुलना करावी. दुसरी ही कीं, नुसतें पुस्तकी संख्याशास्त्र घेऊन येणारास मालक विचारीत नाहीं. आर, पायथन अशा संगणकाच्या भाषांत आंकडे हाताळतां आले पाहिजेत. हें शिकावयास पुण्यासच जावें लागतें असें नाहीं. राहिली प्राध्यापकी. तिला पदव्युत्तर पदवी व पात्रता परीक्षा लागते, आणि त्या झाल्यावरहि कित्येकांचीं ऐन उमेदीचीं वर्षें तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितके पैसे, अशीं जातात. ज्या घरांत ‘काहीं नाहीं तर प्राध्यापक होईल’ असें म्हणतात, त्यांनीं हें विसरूं नये.

येथवर आल्यावर कोणीतरी संस्थेचें माहितीपत्रक पुढें करतो : ‘आमच्या विद्यार्थ्यांचा सरासरी वार्षिक पगार दहा लाख!’ या वाक्याकडे संख्याशास्त्राच्याच डोळ्यांनीं पाहावें. पांच विद्यार्थी आहेत. चौघांस वर्षाला ३, ३॥, ४ आणि ४॥ लाख मिळतात, पांचव्यास परदेशीं ३५ लाख मिळतात. बेरीज ५० लाख, सरासरी १० लाख. आंकडा खोटा नाहीं. पण पांचांतील एकासहि दहा लाख मिळत नाहींत. ओळीनें उभे केले तर मधला विद्यार्थी चार लाखांचा आहे, आणि आपली मुलगी त्याच्या आसपास असण्याचा संभव सर्वांत अधिक. तेव्हां सरासरी न विचारतां मधला आंकडा विचारावा. पुढें विचारावें कीं, एकूण किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि त्यांतील कितीजणांनीं पगार कळविला. ज्यांस नोकरी मिळाली नाहीं ते बहुधा पत्राचें उत्तर देत नाहींत, आणि मग बोलणाऱ्यांचीच सरासरी निघते.

सुखात्म्यांनीं पीककापणींत हाच दोष दाखवून दिला होता. शेतांतला चौकोन फार लहान घेतला, तर कडेवरचीं झाडें नकळत आंत धरलीं जातात आणि उत्पन्न फुगून दिसतें. पदव्यांच्या बाजारांतहि कडेवरचें भरघोस झाड आंत ओढण्याची सर्वांस संवय आहे. सी. आर. राव यांचेंच उदाहरण घ्या. गणितांत उत्तम पदवी मिळवून ते नोकरीच्या शोधांत कलकत्त्यास गेले. ती मिळाली नाहीं. तेथें भेटलेल्या एका गृहस्थाकडून प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं १९३१ सालीं स्थापिलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचें नांव त्यांस कळलें, आणि १९४१ सालीं ते तेथें विद्यार्थी म्हणून दाखल झाले. पुढें चारच वर्षांनीं लिहिलेल्या निबंधानें त्यांचें नांव जगभर झालें, आणि वयाच्या एकशेदुसऱ्या वर्षीं, २०२३ सालीं, त्यांस या शास्त्रांतील आंतरराष्ट्रीय पारितोषिक जाहीर झालें. हें चरित्र मुलांस अवश्य सांगावें. पण ठेव मोडतांना तें जमेच्या बाजूस लिहूं नये.

राव यांच्या या संस्थेची गोष्ट मात्र हिशेबांत घेण्यासारखी आहे. तेथील संख्याशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर शिक्षणास प्रवेशपरीक्षा कठीण. परंतु प्रवेश मिळाल्यास शिकवणीची फी न घेतां उलट विद्यावेतन देण्याची तेथें परंपरा आहे. ज्या मुलीचें गणित खरोखर उत्तम आहे, तिनें पुण्याबरोबर ही परीक्षाहि द्यावी. प्रवेश मिळाला तर मघांच्या हिशेबांतील तीन लाखांची रक्कम बहुतांशीं गळून पडते.

आतां मामंजींच्या प्रश्नाचें उत्तर. ६,६०,००० रुपये शिक्षणांत घातले, व्याज शेंकडा आठ धरलें. हें मुद्दल व्याजासह परत येण्यास पगारांत किती वाढ व्हावी? मुलीनें एम. एस्‌सी. नंतर वीस वर्षें नोकरी केली, तर महिना सुमारें ५,६०० रुपये अधिक मिळाले तरी पुरे. दहाच वर्षें केली, तर सुमारें ८,२०० रुपये अधिक मिळाले पाहिजेत. आणि पांच वर्षांनीं ती नोकरी सोडून घरीं बसली, तर तीच वाढ महिना सुमारें १३,८०० रुपये असावी लागेल. पदवी तीच, खर्च तोच, मुलीची बुद्धि तीच. बदलला तो फक्त वर्षांचा आंकडा, आणि त्याबरोबर पदवी स्वस्त होते किंवा महाग.

आमच्या मतें सर्व हिशेबाचें मर्म येथें आहे. पदवीचें मोल विद्यापीठ ठरवितें, बाजार ठरवितो, हें खरेंच. पण मुलीच्या पदवीचें मोल त्यांच्याहून अधिक तिचें घर ठरवितें. लग्नाच्या बाजारांत पदवीचा उल्लेख व्हावा म्हणून शिकवावयाचें, आणि लग्नानंतर ‘आम्हांस कांहीं कमी नाहीं’ म्हणून नोकरी सोडावयास लावावयाची, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. असें करणाऱ्यांनीं नंतर म्हणूं नये कीं, मुलीच्या शिक्षणांत पैसा बुडाला. तो शिक्षणानें बुडविला नाहीं. वीस वर्षांचें पीक पांचव्या वर्षीं उपटणारांनीं बुडविला. एम. एस्‌सी.चा खर्च करावयाचा असेल, तर ही मुलगी किती वर्षें काम करील, तिचें काम घरानें किती मानावें, आणि स्थळें पाहतांना याविषयीं स्पष्ट शब्दांत कोणीं बोलावें, हें ठेव मोडण्यापूर्वीं ठरलें पाहिजे. हें ठरविण्याची जबाबदारी सतरा-अठरा वर्षांच्या मुलीवर न टाकतां वडील माणसांनीं घ्यावी. मात्र तिला विचारूनच घ्यावी.

आणि एक गोष्ट भावाविषयीं. नातीला जो प्रश्न विचारला, तोच दोन वर्षांनीं नातवालाहि विचारला जाईल काय? अभियांत्रिकीचीं चार वर्षें, वसतिगृह, फी, न मिळविलेला पगार, मधल्या विद्यार्थ्याचा पगार, या सर्व रकान्यांत त्याचेहि आंकडे भरले जावेत. कदाचित् त्याची बाजू सरस ठरेल, कदाचित् बहिणीची. परंतु एकीस तराजू आणि दुसऱ्यास केवळ आशीर्वाद, असें झालें तर मामंजींच्या न्याय्य प्रश्नांतला न्याय निघून जाईल. दोघांनाहि पुरेल एवढी ठेव नसेल, तर अर्धी अर्धी वाटून दोघांचेंहि शिक्षण अपुरें ठेवण्यापेक्षां, ज्याची निकड व ज्याची तयारी अधिक त्यास आधीं देऊन, त्यानें कमावतें झाल्यावर दुसऱ्यास हात द्यावा, असें ठरविणें बरें. एकत्र कुटुंबाची खरी शक्ति येथेंच उपयोगी पडते. ती स्वतंत्र बिऱ्हाडांस सहसा साधत नाहीं.

तात्पर्य, अमरावतीच्या आमच्या भगिनींस आमचा सल्ला असा. पुतणीस घरीं राहून संख्याशास्त्र घेऊन पहिली पदवी करूं द्यावी. यांत धोका थोडा आणि लाभाच्या वाटा पुष्कळ. गणित सुटूं देऊं नये, आणि संगणकाचा अभ्यास पहिल्या वर्षापासून ठेवावा. पुण्याचा निर्णय आज न घेतां तिसऱ्या वर्षीं घ्यावा. तोंवर तिचे गुण, तिची आवड आणि प्रवेशपरीक्षांचे निकाल हे तीन खरे आंकडे हातीं आलेले असतील. मधल्या काळांत तिनें एकट्यादुकट्या यशस्वी विद्यार्थ्यास न गांठतां, मागील दोन-तीन वर्षांत तेथून बाहेर पडलेल्या जितक्यांचा पत्ता लागेल तितक्यांस विचारून मधला पगार काढावा. ठेव तोंपर्यंत जेथें आहे तेथेंच राहूं द्यावी.

आणि हा सर्व हिशेब मामंजींनीं स्वतः मांडूं नये; नातीकडूनच मांडवून घ्यावा. एक मोठा कागद, डाव्या बाजूस खर्च, उजव्या बाजूस जमा, प्रत्येक रकमेपुढें ती कोठून आणली त्याची नोंद, आणि शेवटीं ‘किती वर्षें’ हा एक रकाना. तो रकाना भरतांना घरांतील सर्व मंडळी जवळ बसलेलीं असावीत. बाकीचे रकाने तिचे तिला भरतां येतील.